वर्ष निवेपर्यंत

ठोंबरे मॅडम फळ्यावर तारीख लिहायच्या तेव्हा दिवस बरोबर असायचा, महिना बरोबर असायचा, साल मात्र मागचंच असायचं. जानेवारी उजाडून आठवडा झाला तरी त्यांच्या तासाला जुनंच वर्ष चालू. मी शाळेत नवीन होते. मला वाटलं, चुकून होत असेल. त्यांचा तास संपून माझा सुरू झाला की मी गुपचूप शेवटचा आकडा पुसून नवा लिहायचे. एके दिवशी त्या पाण्याची बाटली विसरल्या म्हणून परत आल्या आणि मी डस्टर हातात घेऊन फळ्यापाशी उभी.

"मिसबाई, काय करताय?"

"साल चुकलंय, मॅडम."

"चुकलेलं न्हाई, ठेवलंय तसं." त्यांनी बाटली उचलली. "वरीस अजून निवलं न्हाई."

मुलं हसली. त्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. 'निवणं' हा शब्दही मला ठाऊक नव्हता. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले. घरी आम्ही मराठीच बोलत असू, पण आमच्या घरात सगळं 'गार' व्हायचं. निवायचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतःहून सांगितलं. समोर चहाचा कप होता. साय धरल्याशिवाय त्या चहाला हात लावत नसत, त्यामुळे बोलायला वेळ मिळायचा.

"चुलीवरनं उतरवलेली कढई तुमी तशीच नेऊन नळाखाली धरता का?"

"नाही."

"का बरं?"

"वाफ येईल तोंडावर."

"मग! वरीस म्हंजे काय येगळं हाय? संक्रांतीपर्यंत निवू द्यायचं. मग बघायचं, तळाला काय लागलंय ते. तवर नव्याला हात घालायचा न्हाई."

आमची शाळा नारायणगावला लागून, वारूळवाडीच्या बाजूला. चहूकडे द्राक्षबागा आणि टोमॅटो. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीच्या शिक्षकाला जी जागा मिळते तीच ठोंबरे मॅडमना होती. मराठीचा तास जेवणानंतर. गॅदरिंगच्या तालमीला तास हवा असला की आधी मराठीचा जायचा. आम्ही इंग्रजीवाल्या सगळ्या 'मिस', त्या एकट्या 'मॅडम'. मला त्यांनी दोन्हीतलं काहीच न ठेवता पहिल्या दिवसापासून 'मिसबाई' केलं. मुलांसमोर शिकवताना त्यांची भाषा छापील असायची. वर्गाच्या दारातून बाहेर पाऊल पडलं की 'होतं'चं 'व्हतं' व्हायचं. हा बदल त्या चप्पल घातल्यासारखा सहज करायच्या. अर्थात चप्पल त्या घालत नसत. सुती साडीखाली मुलाचे जुने स्पोर्ट शूज असायचे आणि त्यांचा आवाज जिन्यावर त्या शूजच्या बराच आधी पोचायचा.

आवाजच तसा होता. जेवणानंतर मुलांना झोप येते. मॅडमच्या तासाला येत नसे, आणि शेजारच्या दोन वर्गांनाही येत नसे. भिंतीपलीकडे मी व्याकरण शिकवत असताना माझी मुलं त्यांची कविता पाठ करायची. मी तक्रार केली नाही. माझा आवाज असा की तिसऱ्या बाकापुढे जात नाही, आणि तक्रारीला त्याहून मोठा लागतो.

मॅडमच्या घरी मेंढरं होती. म्हणजे वडिलांच्या वेळी घर मेंढरांमागेच चालायचं. आता त्यांचे मोठे भाऊ तेवढे अजून कळप घेऊन फिरतात आणि दिवाळीनंतर माळशेजच्या अंगाने कोकणात उतरतात. मी लागले त्या वर्षी एका दुपारी वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात आम्ही उभ्या होतो. समोर काढणी झालेली रानं होती आणि त्यांच्या पार पलीकडे, कॅनॉलच्या कडेला, काहीतरी पांढरं हलत होतं. मला ते प्लास्टिकचे कागद वाटले. मॅडमनी तोंडाच्या कडेला हात धरला आणि हाक मारली, "दाऽऽदा!"

सगळे वर्ग खिडक्यांना चिकटले. पलीकडे एका माणसाने काठी वर केली. मग दोघांचं बोलणं झालं. त्यांचं मला ऐकू येत होतं, भावाचं नुसतं वाऱ्यावर हेलकावे खाणारं काहीतरी. हेडमास्तरांचं दार उघडलं, बंद झालं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"जेवायला येत न्हाई म्हणतोय. कुत्री व्यालीय म्हणं." मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "आमच्यात हळू बोलणाऱ्या पोरीला मागणं येत न्हाई, मिसबाई. मेंढरं कशी वळणार ती? तुमचं कसं व्हायचं काय की."

नव्या वर्षाबद्दल त्यांचं आणि माझं जमत नसे. मी एक जानेवारीनंतरच्या पहिल्याच तासाला 'नवीन वर्षाचा माझा संकल्प' असा निबंध द्यायचे. मी शिकले त्या शाळेतही द्यायचे, म्हणून. मुलं लिहायची, मी रोज सहाला उठेन, आईला मदत करेन, मोबाइल बघणार नाही. मॅडमनी तो ढीग एकदा चाळला.

"सगळी एका रात्रीत सुधारली व्हय? दात तरी घासू द्या पोरांना."

"चांगली सवय लागते, मॅडम."

"लागू द्या की. पन आधी मागचं तर कळू दे."

त्यांच्या वर्गात त्या दिवसांत पुस्तक बंद असायचं. रोज काही मुलांनी उभं राहून मागच्या वर्षात काय झालं ते सांगायचं. एक अट होती, काय करणार ते सांगायचं नाही, काय झालं तेवढंच. बिबट्याने आमचा कुत्रा नेला. बाबांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, तेव्हा ते रडले की घाम आला ते कळलं नाही. मी सायकलवरून पडलो, पण घरी सांगितलं नाही. एक मुलगा म्हणाला, "काहीच झालं नाही, मॅडम." त्या म्हणाल्या, "बरं. मग काहीच झालं नाही तेव्हा कसं वाटत होतं, ते सांग." तो बराच वेळ उभा राहिला आणि मग त्याचं सांगणं सगळ्यांत लांबलं. सर्वांत शेवटी मॅडम स्वतःचं सांगत. मी हे भिंतीपलीकडून ऐकलं आहे, कारण ऐकू यायचंच. सासूशी अबोला धरला होता, तो कुणी सोडला. स्कूटी कुठे घसरली. कुणाचं काय चुकलं याचा निवाडा नसायचा, सुधारण्याचं वचनही नसायचं. ऐकून मुलं बसायची. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवं साल यायचं.

पुढच्या वर्षी दिवाळीपासून त्यांचा घसा बसायला लागला. पिशवीत ज्येष्ठमध असायचं, सुंठ असायची, कुणीतरी सांगितलेला काढा असायचा. त्या चघळायच्या आणि त्याच दमात ओरडायच्या. डिसेंबरात गॅदरिंगची तालीम चालू होती. मॅडम मैदानाच्या टोकाला उभ्या राहून स्टेजवरच्या मुलींना सांगत होत्या, "उजवा हात! अगं उजवा!" दुसऱ्या 'उजवा'ला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मुलींना वाटलं मॅडम गंमत करतात. मुली हसल्या. मॅडमनी पुन्हा तोंड उघडलं. मग त्यांनी गळ्याला हात लावला, चावी चालेना म्हणून कुलूप चाचपून बघावं तसा.

पुण्याच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. मला पुणे ठाऊक होतं आणि डॉक्टर इंग्रजीत बोलतील अशी मॅडमना धास्ती होती. ते मराठीतच बोलले, पण माझ्याकडे बघून. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. पुढची तपासणी संक्रांतीनंतर, तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण पडतो. गाठी कमी झाल्या नाहीत तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतरही आवाज येईल तो कसा येईल सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत खेडचा घाट येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला, एका बोटाने बराच वेळ टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं. 'मराठी कोन शिकवनार.' प्रश्नचिन्ह त्यांना सापडलं नव्हतं.

हेडमास्तर सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, रजा घ्या. आराम करा. मराठीला काय, तात्पुरतं कुणीतरी बघू." त्या 'तात्पुरतं'चा अर्थ स्टाफरूमला ठाऊक होता. चित्रकलेचे सर आजारपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा त्यांच्या जागी तात्पुरता आलेला मुलगा कायम झाला होता, आणि सरांच्या हाती लायब्ररीची किल्ली आली. लायब्ररी म्हणजे जिन्याखालचं कपाट. मॅडमची नोकरीची काही वर्षं अजून उरली होती. ती त्या कपाटासमोर बसून काढायची की वर्गात, हे आता घशावर होतं. मॅडमनी हेडमास्तरांकडे बघून नकारार्थी मान हलवली, मग माझ्याकडे बोट दाखवलं.

असं ठरलं की माझ्या मोकळ्या तासांना मी त्यांच्या वर्गात बसून धडा मोठ्याने वाचायचा आणि बाकी सगळं त्या बघतील. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी 'बरं' म्हटलं असतं.

माझं मराठी वाचन म्हणजे वर्गाची करमणूक होती. 'चऱ्हाट' हा शब्द मी 'चार'मधला च घेऊन वाचला. मॅडमनी टाळी वाजवली. टाळी म्हणजे चूक. मी परत वाचलं, परत टाळी. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीला माझी दया आली. "मिस, चमच्यातला च. आणि तो दोर असतो, म्हशीचा."

माझ्या आवाजाने वर्ग शांत राहीना. तेव्हा मॅडमनी दोन बोटं जिभेखाली घेतली आणि शीळ घातली. डॉक्टरांनी शिळेचं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरची ती जुनी पद्धत, मेंढरांना हाक पोचत नाही तिथे शीळ पोचते. एक लांब शीळ म्हणजे बसा. दोन आखूड म्हणजे वह्या काढा. टाळूला जीभ लावून काढलेला टक्‌ टक्‌ आवाज म्हणजे मागच्या बाकावर काय चाललंय ते मला दिसतंय. मुलं चार दिवसांत शिकली. मैदानावरही शिकली. पूर्वीसारखंच शेजारच्या वर्गांतली मुलंही शीळ झाली की बसायला लागली.

मग एक पालक आले. सहावीतल्या प्रांजलचे वडील, टोमॅटोची रोपवाटिका असलेले, तापलेले. मला हेडमास्तरांच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं, कारण मॅडमच्या वतीने बोलायला कुणीतरी हवं होतं.

"राव, आमी काय मेंढरं घातलीत का शाळंत? शिट्टी मारून बसवत्यात पोरांना! फी कशाची भरतो मग?"

मी म्हणाले, "सर, मॅडमना बोलायला मनाई आहे."

"ऑं? मोठ्यानं बोला की!"

मी तेच पुन्हा म्हणाले. ते पुढे वाकले. "ह्यांना पण मनाई हाय का?"

माझ्या शेजारी उभ्या मॅडमना काय झालं कोण जाणे. त्यांनी बोटं तोंडात घातली आणि केबिनमध्येच एक लांब शीळ घातली. हेडमास्तर खुर्चीत ताठ झाले. आणि एवढा वेळ टेबलाला टेकून उभे असलेले प्रांजलचे वडील खुर्चीवर बसले.

पहिल्यांदा तेच हसले. "आयला," ते म्हणाले, "बसलो की राव मी!" मग सर हसले, शिपाई दारातून हसला. मॅडम तोंडावर पदर धरून आवाज न करता हसत होत्या, खांदे हलत होते. चहा आला. निघताना मात्र ते दारात थांबले आणि वेगळ्या आवाजात म्हणाले, "ते जाऊ द्या मॅडम. पन आमची पोरगी हल्ली शाळंचं घरी काय सांगत न्हाई. पयली लई बडबडायची. जरा बघा." मॅडमनी मान डोलावली. चहा त्यांनी तसाच ठेवला, साय धरून तो निवला तरी घेतला नाही.

जानेवारी लागला. फळ्यावर मागचंच साल. मुलं रोज उभी राहून आपापलं वर्ष सांगत होती आणि मॅडम, एरवी टेबलापाशी उभ्या असायच्या त्या, आता एका रिकाम्या बाकावर बसून ऐकत होत्या. बोलता येत नसलं की माणूस ऐकताना कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. पूर्वी त्या ऐकता ऐकता पुढचा प्रश्न तयार ठेवायच्या. आता प्रश्न नव्हताच, त्यामुळे मुलं मध्येच थांबली तरी कुणी ढकलायचं नाही. ती आपणच पुढे जायची.

सगळ्यांचं झाल्यावर मॉनिटर म्हणाली, "मॅडमचं राहिलं."

"मॅडमना बोलायचं नाहीये ना," एक मुलगा म्हणाला.

"मग आपण सांगू. मॅडम, बरोबर असेल तर हो म्हणा."

त्यांना कल्पना आवडली. त्या वर्गासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हाताने 'या' अशी खूण केली.

"मॅडमचा आवाज गेला." मान होकारार्थी.

"मॅडमची स्कूटी मंचरच्या बाजारात बंद पडली." होकार, आणि कपाळावर हात.

"मॅडमनी हॉटेलात पहिल्यांदा पिझ्झा खाल्ला आणि आवडला नाही." ठाम होकार.

"मॅडम लई ओरडल्या." हशा. होकार.

मग प्रांजल उभी राहिली. ती शेवटच्या बाकावर बसायची. लिहायला सावकाश. सगळ्यांचं फळ्यावरचं उतरवून व्हायचं तेव्हा तिचं निम्मं झालेलं असायचं.

"मॅडमनी मला शेपूट म्हटलं," ती म्हणाली.

कुणीतरी म्हणालं, "अगं, ते गमतीत."

"एकदाच म्हटलं," प्रांजल म्हणाली. ती मॅडमकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती. "वह्या गोळा करताना. 'आलं का आमचं शेपूट?' असं. पण ते सगळ्या शाळेला ऐकू गेलं. आता सगळे तेच म्हणतात. बसवाले काका पण म्हणतात."

ते मलाही ऐकू आलं होतं, भिंतीपलीकडून. त्या दिवशी माझा वर्गही हसला होता.

मॅडमनी ना होकार दिला ना नकार. त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि तोंड उघडलं. मी घाईने उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं. मग खडू उचलला, फळ्याकडे वळल्या, आणि एक अक्षरही न लिहिता खडू परत ठेवला. तास संपल्याची घंटा झाली.

स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "लिहून सांगायचं ना तिला, मॅडम." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ज्या तोंडाने ते नाव गेलं त्याच तोंडाने परत आणायचं होतं त्यांना.

तोवर त्या डॉक्टरांचं ऐकत होत्या तरी अधूनमधून चोरून खाकरायच्या, 'हं' करायच्या, घरी नातेवाइकांशी कुजबुजायच्या असं त्यांची सूनच म्हणायची. त्या दिवसानंतर तेही बंद झालं. सून मला फोन करून म्हणाली, "मिस, शाळेत काय झालं का? आई शिंकतेत सुद्धा जपून." स्टाफरूममध्ये तिळगूळ वाटताना जे म्हणायचं असतं ते त्यांनी म्हटलं नाही, नुसता हातावर ठेवला. कुणीतरी चेष्टा केली, या वर्षी मॅडमइतकं गोड कुणीच बोललं नाही. त्या हसल्या नाहीत. आवाज आता त्यांना नोकरीसाठी हवा होता तसा आणखी एका कामासाठी हवा होता, आणि तो येईल की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला, पडद्यावर दाखवलं. गाठी बऱ्याच उतरल्या होत्या. शस्त्रक्रिया नको. बोलायला हरकत नाही, पण समोरच्याला ऐकू जाईल इतकंच. हाक मारायची नाही, ओरडायचं नाही, आणि हे आता कायमचं. पूर्वीचा आवाज विसरा, ते म्हणाले, तो परत मागायला गेलात तर हाही जाईल.

"'आ' म्हणा." त्यांनी 'आ' म्हटलं. बारीक, कडेला झिजलेला.

"आता काहीतरी बोला. नाव सांगा."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले आणि नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या उद्या बोलतील." एसटीतही त्या बोलल्या नाहीत. नारायणगावच्या स्टँडवर उतरल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात पैज लागलेली. मॅडमचा पहिला शब्द काय असेल? बहुतेकांचं म्हणणं, 'गप्प बसा.' त्या आल्या. टेबलापाशी थांबल्या नाहीत. बाकांमधून मागे गेल्या आणि प्रांजलच्या बाकाशी वाकल्या.

"प्रांजल."

मी दाराजवळ होते, मला ऐकू आलं नाही. ओठांवरून कळलं. त्यानंतर त्या आणखी काही बोलल्या, दोनेक वाक्यं असतील. प्रांजलने एकदा मान हलवली.

"काय म्हणाल्या? काय म्हणाल्या मॅडम?" पुढच्या बाकांवरून आरडाओरडा.

प्रांजल म्हणाली, "माझं नाव." आणि पुढचं तिने कुणाला सांगितलं नाही.

मॅडम फळ्याकडे गेल्या. त्यांनी दिवस लिहिला, महिना लिहिला आणि नवं साल लिहिलं.

तेवढ्यावर 'शेपूट' संपलं नाही, अशी नावं संपत नाहीत. शाळा सुटल्यावर मॅडम बसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर काका वरून विचारत होते, "काय म्हणताय? ऐकू येत न्हाई!" त्या तशाच, त्याच आवाजात बोलत राहिल्या. शेवटी काकांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून कान पुढे केला. काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून ते 'प्रांजलताई, चला' म्हणू लागले, जरा जास्तच.

सरांनी त्यांच्यासाठी गळ्यात अडकवायचा छोटा माइक आणला. त्यांनी तो एक दिवस वापरला आणि परत केला. "ह्यानं बोललेलं पुन्हा भिंतीपलीकडं जायचं," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी बाक हलवले. मुलांना अर्धगोलात ओढून जवळ घेतलं आणि स्वतः एका जागी उभं राहणं सोडून एकेकापाशी जाऊन सांगायला लागल्या. वर्ग पूर्वीसारखा राहिला नाही, हेही खरं. जेवणानंतर काही मुलांना आता झोप यायची. शेजारच्या वर्गांना तर यायचीच. कविता पूर्वीसारख्या फुकट पाठ होत नव्हत्या. पण परीक्षेत मराठीचे पेपर नेहमीसारखे गेले, आणि लायब्ररीची किल्ली चित्रकलेच्या सरांच्याच ड्रॉवरमध्ये राहिली.

एप्रिलमध्ये मी शाळा सोडली. पुण्यात घराजवळ नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी मॅडमनी भाषण केलं, ते पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं. मागचे सगळे टाळ्या वाजवायच्या जागा अंदाजाने ठरवत होते.

त्यानंतर एकदाच त्या दिसल्या. दिवाळीच्या आधी मी एका मैत्रिणीकडे मंचरला गेले होते आणि परतीच्या बसची वाट बघत रस्त्याकडेला उभी होते. कांद्याच्या गाड्या, टेम्पो, टँकर, एकाला एक लागून चाललेले. पलीकडच्या बाजूला दुकानासमोर त्या उभ्या होत्या, दोन्ही हातांत पिशव्या. त्यांनी मला पाहिलं. एक पिशवी खाली ठेवली आणि हात तोंडाच्या कडेला नेला. तोंड उघडलं. मग हात खाली घेतला.

मी इकडून हात हलवला. माझी बस आली. कंडक्टर म्हणाला, "पुणे, पुणे, चला ताई." मी 'नको' म्हटलं. बस गेली तेव्हा त्या दुभाजकापर्यंत आल्या होत्या. साडीचा घोळ एका हातात, पिशव्या दुसऱ्या हातात, पायांत तेच शूज. अलीकडची रांग तुटत नव्हती. त्या उभ्या राहिल्या. घाई केली नाही, कुणाला हातही केला नाही. बऱ्याच वेळाने फट मिळाली तेव्हा आल्या.

माझ्याजवळ येऊन त्यांनी आधी दम घेतला. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मिसबाई, जेवलात का तुमी, का तशाच—"

मागून ट्रकने हॉर्न दिला, लांबलचक. पुढचं बुडालं. एरवी त्यांनी त्या हॉर्नवर मात केली असती. आता त्या थांबल्या. माझं मनगट न सोडता, रस्त्याकडे बघत, ट्रक पूर्ण जाऊ दिला. त्याच्या मागचा टेम्पोही जाऊ दिला. मी वाकून कान पुढे केला. मग त्यांनी तेच वाक्य पहिल्यापासून बोलायला घेतलं, तेवढ्याच आवाजात.